ज्याचं ताट त्यानं

मार्साश्लोक, माल्टा
१९ जानेवारी २०२५

बाबा, जयभीम.

फोन कापता येते. पत्र कापता येत नाही. फाडता येते, पण फाडाच्या आधी कोणाचं आहे ते पाहाच लागते, आणि तुमी तं सवारी येईपर्यंत भजे बांधलेला पेपरही दोनी बाजूनं वाचता. म्हणून लिहून राह्यलो. घरी नाही पाठवलं, दारव्ह्याच्या जीप स्टँडवर पाठवलं. घरी आलं असतं तं तुमी उर्वशीले म्हटलं असतं, ठेव तिकडं. स्टँडवर चार ड्रायवरांसमोर पोट्ट्याचं परदेशातून पत्र आलं म्हटल्यावर हात पुढं कराच लागन.

उर्वशीनं मले सारं सांगतलं. तिच्यावर रागावू नका, भावानं खोदून खोदून विचारलं तं बहीण सांगणारच. स्टँडवर सेवादास काकानं तुमाले मोबाईलवर माहा व्हिडिओ दाखवला. "काय गा धम्मरत्न, पोट्टा इंग्रजी शिकाले गेलता ना? हा तं लोकाचे ताटं धुऊन राह्यला!" सारे हासले. तुमी जीप काढली अन् गेले. आत तीनच सवाऱ्या होत्या म्हणते. बाबा, तुमी मयतीले जाचं असलं तरी जीप भरल्याशिवाय काढत नाही. तीन सवाऱ्यांवर काढली, तेव्हाच मले समजलं राग केवढा आहे.

मंग घरी येऊन तुमी मांडणीवरून माहं ताट काढलं, फडक्यात बांधलं अन् माळ्यावर टाकलं. आजीनं विचारलं, "संघर्षचं ताट कुठं गेलं?" तं तुमी म्हटलं, "ज्याले दुनियेचे ताटं भेटले त्याले घरचं कायले पाह्यजे."

हे ऐकून मले वाईट वाटलं नाही. त्या दिवशी जेवलो नाही, ते भूक नव्हती म्हणून.

आपल्या घरचा नियम मी विसरलो असं तुमाले वाटते. शाळेतलं माह्या डोक्यात काही राह्यलं नाही, हे राह्यलं. आजोबा दीक्षा घेऊन आले अन् गावातून शिळ्या भाकरी मागून आणाचं टोपलं उकिरड्यावर फेकलं. "माह्या मायबापानं उकंडा नाव ठेवलं, उकिरड्याचं काय ते मले समजते," म्हणे. आजपासून या घरचा हात लोकाचं उष्टं उचलणार नाही. आणि आजी सांगते, तो तिथंच थांबला नाही. त्या दिवशी जेवला, उठला अन् आपलं ताट आपण घासाले बसला. आजीले वाटलं याले ताप आला. "अवो, लोकं पाहतीन," म्हणे ती. तं आजोबा म्हणे, "पाहू दे. मी गावाचं नाही उचलाचं अन् तू, पंचफुलानं, माहं उचलाचं, हा कोनता धम्म?" तेव्हापासून आपल्या घरी ज्याचं ताट त्यानं घासाचं. ताटावर नाव कोरलेलं, म्हणजे कोणी दुसऱ्याच्या नावावर खपवू नये. पाव्हण्यालेही आपण हात धुवाले मोरी दाखवत नाही, ताट धुवाले दाखवतो. माह्या मित्रायनं आपल्या घरी जेवाले येणंच सोडलं होतं.

तं मी काय केलं ते मले पक्कं माहीत आहे. व्हिडिओ कोणी चोरून नाही काढला. मी काढला, मी टाकला, गाणंही मीच लावलं. रबराचा एप्रन, कोपरापर्यंत फेस, अन् मांगं धुतलेल्या ताटांचा ढीग, असा लखलख की त्यात पाहून भांग पाडावा. मले त्या ढिगाचा अभिमान वाटला. लाज वाटली असती तं लपवलं असतं. इथले बाकीचे पोट्टे लपवतात. मोरीतून निघतात, हात पुसतात अन् समुद्राजवळ गॉगल लावून फोटो टाकतात.

तुमी म्हणता नियम मोडला. मी म्हणतो नाही मोडला. कसा, ते एका पत्रात मावत नाही. माहा हात लिहाची सवय सोडून बसला, बोटं आतापासूनच अकडले.

मले तुमच्याकडून काही नाही पाह्यजे. माळ्यावरून ताट काढा, मांडणीवर जिथं होतं तिथं ठेवा. एवढंच.

तुमचा
संघर्ष


मार्साश्लोक
२ मार्च २०२५

बाबा, जयभीम.

पत्र पोचलं. सेवादास काकानंच उर्वशीले सांगतलं. तुमी जीपच्या काचा वर करून वाचलं म्हणते. काकानं विचारलं, "काय लिवलं पोट्ट्यानं?" तुमी म्हटलं, "हवापानी." एवढं जाड पाकीट भरून हवापाणी कुठं असते बाबा?

ताट अजून माळ्यावरच आहे, तेही समजलं.

आता मी काम कसं भेटलं ते सांगतो. फोनवर मी तुमाले नेहमी "भेटलं" एवढंच सांगतलं होतं.

इथं शिकाले आलेल्याले पहिले तीन महिने काम कराची परवानगीच नसते. सकाळी शाळा, बाकी दिवस मोकळा. शाळेत मास्तरीण नावानं हाक मारते अन् चुकलं तरी "व्हेरी गुड" म्हणते. बारावीले मी तीनदा बसलो, पण मले व्हेरी गुड कोणी म्हटलं नव्हतं. वर्गात कोलंबियाचे आहेत, तुर्कस्थानचे आहेत. सारे माह्यासारखेच, शब्द अडला की हात हालवतात. सुट्टीत आमचा वर्ग पाह्यला तं वाटन मुक्यांची सभा भरली.

ते तीन महिने बरे गेले. उपाशी नव्हतो. माह्या खोलीत वणीचा नयन राह्यते, त्याचे बाबा कोळसा खाणीच्या ऑफिसात आहेत. त्याले भात जास्तच शिजवाची सवय होती. नंतर मले काम लागलं, तं त्याची ती सवय आपोआप सुटली.

नयनची इंग्रजी फाडफाड. तो एका हॉटेलाच्या काउंटरवर टाय लावून उभा राह्यते. त्यानं मले एक वाक्य पाठ करून देलं, "गुड मॉर्निंग, आय ॲम स्टुडंट, एनी व्हेकन्सी?" म्हणे, "पुढचं काही समजलं नाही तं यस म्हन." परवानगी आली त्या दिवसापासून मी दारोदार ते वाक्य म्हणत फिरलो. दुपारी गेलो तरी गुड मॉर्निंगच. समोरच्यानं उलटून काही विचारलं की माही गाडी तिथंच बंद. एका दुकानात पाटी न वाचताच शिरलो. बाई काहीतरी बोलली, मी यस. आणखी बोलली, मी यस यस. तिनं माह्या हातात कैची देली. खुर्चीवर एक गोरी म्हातारी केस ओले करून बसून होती! मी कैची टेबलावर ठेवली, सॉरी म्हटलं अन् मांगं न पाहता थेट समुद्रापर्यंत गेलो. नयन बरेच दिवस मले म्हणे, "काय बे, माही कटिंग कधी करतं?"

मंग त्यानंच ओळख लावून एका मोठ्या हॉटेलात वाढपी म्हणून चिकटवलं. वाढणं तं आपल्याले येते, वस्तीतल्या लग्नात बुंदी मीच वाढत होतो. भरलेलं ताट नेलं, हासलं, ठेवलं. पण लोकायचं जेवण झाल्यावर मॅनेजर म्हणे, उचल. ताटात मच्छीचे काटे होते, अर्धा चावलेला पाव होता. माहा हात गेला नाही बाबा. मी नाही म्हटलं नाही, हातच गेला नाही. मॅनेजर पहिले हळू बोलला, मंग जोरात बोलला. मले समजत होतं. तरी मी न समजल्याचं तोंड करून उभा राह्यलो. इंग्रजी येत नाही याचा तेवढा एक फायदा मी घेतला. दुसऱ्या दिवशी म्हणे, येऊ नको. नयन म्हणे, "तुह्यापाई माही इज्जत गेली," अन् माह्याशी बोलणं टाकलं. भात मात्र तेवढाच शिजवला.

हे मी तुमाले कधी सांगतलं नसतं. पण तुमाले वाटते, या पोट्ट्याच्या हातानं नियम सहज मोडला. सहज काही झालं नाही.

चेन्सा मले इंग्रजीमुळं नाही भेटली, तुमच्यामुळं भेटली. चेन्सा म्हणजे माही मालकीण. इथं बंदरावर रविवारी मच्छीचा बाजार भरते. बोटी लाल-पिवळ्या-निळ्या, अन् प्रत्येक बोटीच्या तोंडावर दोन डोळे काढलेले, जीपच्या बंपरवर आपण काळी बाहुली बांधतो तसं काहीतरी असन. मी तिथं असाच फिरत होतो. एका बाईचा जुना टेम्पो रस्त्यातच बंद पडला, आत मच्छीचे डबे, मांगं गाड्यांची लाईन, सारे हॉर्न वाजवून राह्यले. बाई साठीची, आपल्या आजीसारखी ठेंगणी, कंबरेले फडकं. ती चावी फिरवे अन् गाडी नुसती टिकटिक करे. बॅटरी बसली होती. दारव्ह्याच्या स्टँडवर लहानपणापासून मी दुसरं काय केलं? तुमची जीप ढकलली. मी तिले खुणेनं सांगतलं, दुसरा गिअर टाक, क्लच दाबून धर. दोन मच्छीवाले सोबत लागले. ढकलत नेली अन् वेग आल्याबरोबर माह्या तोंडून मराठीच निघालं, "सोड माय! सोड आता, क्लच सोड!"

अन् तिनं सोडला. गाडी खाकरली, धूर टाकला अन् चालू.

बाबा, या देशात येऊन इतके महिने झाले होते. माहं पूर्ण वाक्य कोणाले समजलं, असं ते पहिलं.

ती पुढं जाऊन थांबली. खाली उतरली नाही, परत बंद पडन म्हणून. काचेतून हात काढून मले बोलावलं. तिचं छोटं हॉटेल आहे बंदरावरच, खाली हॉटेल अन् वर घर. मले बसवलं, मच्छीचा रस्सा देला, लसूण टाकलेला. मी खाल्लं अन् माहं वाक्य म्हटलं. तिनं मोरीकडं बोट दाखवलं. ताटांचा डोंगर होता. ताटं धुणारा माणूस काम सोडून गेला होता.

माहा हात परत तसाच, खिशातून निघेना.

पण ती माह्यासाठी थांबलीच नाही. तिनं बाह्या वर केल्या अन् सोता धुवाले लागली. गिऱ्हाईकानं आवाज देला की हात पुसून बाहेर, हिशेब केला की परत मोरीत. मालकीण, बाबा. तिचं घर, तिचं हॉटेल. तिले कोणी म्हटलं नव्हतं की हे तुह्याच जातीचं काम आहे, तूच कर. तेव्हा मले आजोबाचं टोपलं समजलं. आजोबानं काम नाही फेकलं. जे फक्त आपणच कराचं अन् दुसऱ्यानं हात लावला तं त्याले विटाळ, ते फेकलं. ज्या मोरीत मालकीण कोपरापर्यंत हात घालते तिथं माहा हात गेला तं मी मजूर होतो. दुसरं काहीच होत नाही.

मी बाह्या वर केल्या.

तुमी जीप धुता, सवाऱ्यांनी ओकलेलंही धुता. तेव्हा तुमी कोणाचे नोकर होता का? जीप तुमची आहे, म्हणून धुता. तसंच काहीतरी. मले नीट सांगता येत नाही. पण नियम मोडला नाही हे मी तुमच्यासमोर उभं राहून म्हणीन.

ताट काढा बाबा. माळ्यावर उंदीर आहेत.

संघर्ष


मार्साश्लोक
१४ एप्रिल २०२५

बाबा, जयभीम, अन् आज जयंतीचाही जयभीम.

उर्वशीनं मोबाईलवर मिरवणूक दाखवली. तुमची जीप पुढं होती, धुतलेली, बोनेटवर हार. तिनं मोबाईल तुमच्या तोंडासमोर नेला तं तुमी मान फिरवली. पण फिरवाच्या आधी एक घडी पाह्यलं. मी पकडलं.

इथले लोक दर दुसऱ्या वाक्याले "मेला, मेला" म्हणतात. पहिल्या दिवशी मी चेन्साच्या भावाले विचारणार होतो, कोण गेलं म्हणून. मंग नयनचा राग उतरला तं तो म्हणे, त्यायच्या भाषेत त्याचा अर्थ "तं मंग" असा आहे. आता मलेही सवय झाली. मेला, आज मी तुमाले जे व्हिडिओत नव्हतं ते सांगतो.

दुपारचे गिऱ्हाईक गेले की चेन्सा आम्हाले जेवाले बसवते. आम्ही म्हणजे ती, तिचा भाऊ जो मच्छी साफ करते, अन् मी. एकच टेबल, एकच भांडं. पहिले माह्या ताटात टाकते अन् "कुल, कुल" म्हणते. कुल म्हणजे खा. तर पहिल्याच दिवशी मी जेवलो, सवयीनं उठलो, आपलं ताट घासलं, पुसलं, ठेवलं. परत येतो तं भावानं आपलं ताट माह्याकडं सरकवलं. चेन्सानंही सरकवलं.

त्यात त्यायची चूक नव्हती. मी तेच काम कराले आलतो. पण गिऱ्हाईकाचं ताट ते काम. हे जेवण होतं. एका टेबलावर बसलो, एका भांड्यातलं खाल्लं, मंग उठल्यावर मी खाली कसा गेलो?

मी उभाच राह्यलो. दोघं माह्या तोंडाकडं पाहून राह्यले. हॉटेलातलं काम हात चालला नाही म्हणून गेलं, आता हे तोंड चाललं म्हणून जाईन, असं वाटलं. इंग्रजी जुळवाले वेळ लागला. छातीवर हात ठेवून म्हटलं, "माय प्लेट, आय वॉश." मंग बोट केलं, "युवर प्लेट, यू वॉश." अन् टेबलावर थाप मारून म्हटलं, "हिअर, सेम." बारावी तीनदा देऊन जेवढी इंग्रजी आली नाही तेवढी त्या तीन वाक्यांत आली.

भाऊ लालबुंद. त्याच्या भाषेत बहिणीले काहीतरी सांगू लागला, शब्द समजले नाही पण "याले हाकल" असंच ते वाटत होतं. चेन्सानं त्याच्याकडं पाह्यलं नाही. माह्याकडं पाह्यलं. मंग खुर्ची मांगं सरकवली, ताट उचललं, मोरीवर गेली अन् घासलं. नीट नाही घासलं, काठ तेलकट राह्यला. माही मोरी आहे, मले दिसतेच. मी म्हटलं, "मोर सोप."

ती इतकी हासली बाबा, की टेबलाले धरून उभी राह्यली. मंग भावालेही उठा लागलं. त्यानं शिव्या देत घासलं, पण घासलं.

नंतर तिनं विचारलं, "व्हाय?" आता टोपल्याची गोष्ट मी इंग्रजीत कशी सांगू? टेबलावरची पावाची टोपली घेतली, आधी ती पुढं करून भीक मागाची खूण केली, मंग उलटी केली अन् दाराबाहेर फेकाचं नाटक केलं. "माय ग्रँडफादर," म्हटलं. किती समजलं मले माहीत नाही. तिनं टोपलीकडं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं अन् ताटात आणखी एक पाव टाकला. मी तो खाल्ला अन् ताट परत घासलं, काय करता.

तेव्हापासून आमच्या टेबलावर हाच नियम आहे. इथल्या चर्चचे पादरी कधी कधी आमच्यासोबत जेवाले येतात. मोठा मान आहे त्यायले गावात. पहिल्यांदा आले तं जेवून हात पुसत बसले. चेन्सानं त्यायलेही मोरी दाखवली. म्हणे, "संघर्षच्या आजोबाचा नियम आहे, फादर." अन् फादर उठले. नयन त्या दिवशी मले भेटाले आलता, तोही जेवला, अन् बाजूले उभं राहून त्यानंही घासलं.

आपल्या वस्तीत आजोबाचं ऐकून किती जणायनं आपलं ताट घासलं बाबा? शेजारच्यायनंही नाही. लोक म्हणत, मुनेश्वरायच्या घरी माणसं बायकायचे काम करतात. अन् इथं समुद्राच्या काठावर पादरी बाह्या वर करते. हे सांगताना माही छाती फुगते, तं फुगू द्या.

व्हिडिओत हे काहून नव्हतं, तं जेवताना मी मोबाईल हातात घेत नाही. तो तुमचा नियम.

संघर्ष


मार्साश्लोक
१० मे २०२५

बाबा, जयभीम.

काही निरोप नाही. ठीक आहे. मी तुमचाच पोट्टा आहो, गप राहता मलेही येते. पण तुमच्याएवढं नाही येत.

काल फोनवर मी एकट्यानं ऑर्डर घेतली. चेन्सा बाजारात गेलती अन् फोन वाजत होता. पहिले तं वाटलं वाजू द्यावा. मंग उचलला. चार माणसं, समुद्राच्या बाजूचं टेबल, आठ वाजता. दोनदा विचारून घेतलं. रात्री आठ वाजेपर्यंत माहं मोरीत लक्ष नव्हतं, सारखं दाराकडं. आले बाबा! चारही आले, आठलेच आले, अन् समुद्राच्या बाजूलेच जाऊन बसले. तुमाले हे काही वाटणार नाही. मले वाटलं विमान उतरवलं.

नयन भावाच्या लग्नाले वणीले येऊन राह्यला. परत येताना दारव्ह्याले उतरून तुमाले भेटतो म्हणे. माहं त्याले काही सांगणं नाही, तुमाले विचारायचं ते त्याले विचारा. तो खोटं बोलत नाही, माही फजिती सांगाले तं त्याले लयच आवडते.

त्याले जेवू घाला. अन् ताट घासा लावा.

आजीले सांगजा, मी जाड झालो. तिले तेवढंच ऐकाचं असते.

संघर्ष


मार्साश्लोक
२२ जून २०२५

बाबा, जयभीम.

नयन आला. बॅग उघडली अन् पेपरात बांधलेलं एक बोचकं माह्या मांडीवर टाकलं. म्हणे, "घे, तुह्या बाबायनं देलं."

सोडलं तं माहं ताट. काठावर माहं नाव, आठवीत असताना कोरलेलं, घासून घासून 'ष' बुजलेला.

तुमाले खरं सांगतो, माळ्यावर होतं तोवर ते घरात तं होतं. कधी राग उतरला असता तं खाली आलं असतं. आता तुमी घरातूनच काढून देलं. मले वाटलं, झालं, मांडणीचा विषयच संपला.

नयन बूट काढून राह्यला होता. म्हणे, "काय बे, तोंड काहून पाडलं? खाली पाह्य ना."

खाली आणखी एक ताट होतं. कोरं करकरीत, दुकानाचा कागद चिकटलेला. काठावर नाव होतं, चेन्सा.

मंग मी नयनले झोपू देलं नाही, प्रवासानं त्याचे डोळे मिटत होते तरी. त्यानं जे सांगतलं ते मी तुमाले परत सांगतो, म्हणजे तो काही वाढवून बोलला असन तं तुमाले समजन.

तो म्हणे, स्टँडवर तुमी त्याले पहिले सवारी समजले. "यवतमाळ का?" मंग ओळख देली तं तुमी त्याले पुढच्या सीटवर बसवलं अन् किती तरी वेळ फक्त वणीच्या रस्त्याचं विचारलं. घरी जेवताना, आजी वाढत असताना, मान खाली घालून तुमी विचारलं, "ते बाई खरंच आपलं ताट सोता घासते?"

"हो काका. माह्या डोळ्यानं पाह्यलं."

"मालकीन होये ना ते?"

"मालकीन. वरतून मलेही घासा लावलं. मी म्हनलं, मी पाव्हना हाव. तं तुमचा पोट्टा म्हने, पाव्हन्याले हात नसतात का?"

नयन म्हणे, तुमी हासले. मले हे खरं वाटत नाही, पण तो शपथ घेते. अन् आजी म्हणे, "पाह्य, उकंडा गेला नाही अजून. कुठं जाऊन बसला पाह्य." मंग तुमी उठून ताट घासलं, नयननंही घासलं, अन् दुसऱ्या दिवशी तुमी त्याले घेऊन भांड्याच्या दुकानात गेले.

दुकानातलं तं नयन नकला करून सांगते. मशीनवाल्या पोट्ट्यानं विचारलं, "काय कोरू काका?" तुमी म्हटलं, "चेन्सा." तो म्हणे, "हे काय नाव होये? चेन्नई म्हनाचं का?" तुमी म्हटलं, "तुले काय करा लागते? सांगतलं तसं कोर." मंग सेवादास काका तिथं टपकले. "कोनासाठी गा धम्मरत्न?" अन् तुमी म्हटलं, "माह्या पोट्ट्याची मालकीन हाय माल्टाची. आपल्या घरचा नियम पाळते ते." बाबा, तुमी हे भर दुकानात म्हटलं! ते वाक्य मी नयनकडून तीनदा म्हणून घेतलं. चौथ्यांदा त्यानं उशी फेकून मारली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चेन्सापुढं ताट ठेवलं. तिनं पहिले उलटं करून पाह्यलं, मंग अक्षरांवरून अंगठा फिरवला. "व्हॉट इज?" मी तिच्याकडं बोट केलं, "यू." तिनं परत अंगठा फिरवला, हळू, एकेक अक्षर. मंग भावाले बोलावून दाखवलं, फादर आले तं त्यायले दाखवलं, मच्छीवाल्याले दाखवलं. तिनं त्यात जेवण केलं. म्हणे, काठ उंच आहे, रस्सा सांडत नाही. मंग घासलं. या वेळी काठही घासला. भाऊ तोंड फुगवून होता, त्याले विचारायचं होतं की माहं कुठं आहे. तो ताट घासताना अजूनही शिव्या देते, म्हणून मी त्याले म्हटलं, तुहं पुढच्या वेळी.

आता मोरीच्या वर, भिंतीले लागून आमची मांडणी आहे. फळी मी ठोकली. बाकी सारे चिनी मातीचे पांढरे ताटं, अन् त्यात दोन स्टीलचे, उभे.

काल तुमचा फोन आला. मी हॅलो म्हणाच्या आधीच तुमी विचारलं, "पोचले का दोनी?" मी म्हटलं, पोचले. तुमी म्हटलं, "तारेच्या घासनीनं नोको घासू. नाव पुसते." अन् कापला.

बाबा, मले लय बोलायचं होतं. पण तुमी कापल्यावर मी मोबाईल पाहून एकटाच हासत होतो, अन् गिऱ्हाईक माह्याकडं पाहत होते.

घरी मांडणीवर माही जागा रिकामी दिसत असन. आजीच्या अन् उर्वशीच्या ताटाच्या मधात. तिथं दुसरं काही ठेवू नका. शाळा संपली की मी येतो, ताट घेऊनच येतो. चेन्साही म्हणते, तिले दारव्हा पाहाचं आहे, तुमची जीप ढकलून पाहाची आहे. तिचं ताट ती घेऊन येईन.

तुमचा
संघर्ष धम्मरत्न मुनेश्वर